चुना, लिंबू आणि बिननावाची बाटली

बापूंनी गोणपाटात गुंडाळून आणलेलं कपाशीचं झाड मुळासकट माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "ताई, हाई काय व्हयनं मना कपाशीले?"

अमळनेरला माझी माती-पाणी तपासणीची छोटी प्रयोगशाळा आहे. शिक्षण रसायनशास्त्राचं, त्यामुळे कीड-रोग ओळखणं हे खरं माझं काम नव्हे. पण ज्यांच्या विहिरीचं पाणी आपण तपासलेलं असतं, ती माणसं पुढे कुठलीही अडचण घेऊन येतात, आणि त्यांना परत पाठवणं मला जमत नाही. जुलै संपत आला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यातली लावण, म्हणजे कपाशीला नुकते पाते, म्हणजे फुलांच्या कळ्या, धरायला लागले होते.

झाड पाहिल्यावर मी हातातलं काम बाजूला ठेवलं. खालची पानं अगदी निरोगी होती, तळहाताएवढी रुंद. शेंड्याकडची चार-पाच पानं मात्र कपाशीची वाटतच नव्हती. भेंडीच्या पानासारखी चिरत गेलेली, टोकं लांब निमुळती, शिरा एकमेकींना खेटून समांतर धावणाऱ्या, देठ पिळलेले. एक पाता होता, बोट लागल्याबरोबर गळला.

गावातल्या दुकानदाराने "व्हायरस" म्हणून दोन औषधं दिली होती आणि ती मारूनही झाली होती. कुणी म्हणालं होतं, 'चमत्कार' जास्त झालं असेल. ही शंका लगेच निकाली काढता येण्यासारखी होती. 'चमत्कार' म्हणजे मेपिक्वाट क्लोराइड. कपाशी नुसती उंच धावू नये म्हणून मारतात. त्याची मात्रा जास्त झाली तर झाड खुजं राहतं, पेरं आखूड होतात, पानं गडद हिरवी पडतात. ती अशी चिरत नाहीत, देठ पिळत नाही.

हे लक्षण टू फोर डीचं होतं. कपाशीइतकं या तणनाशकाला हळवं पीक क्वचितच असेल. शिफारशीच्या मात्रेचा काहीशेवा हिस्सा अंगावर आला तरी नवीन पान बिघडून येतं. जुनी पानं तशीच राहतात, कारण ती आधीच वाढून झालेली असतात. बिघाड होतो तो वाढत्या शेंड्यात.

मी नाव घेताच बापूंनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तालुक्याच्या कृषी कार्यालयाला द्यायचा अर्ज. शेजारच्या शेतातल्या आबांनी मक्यावर टू फोर डी मारलं, ते वाऱ्याने आपल्या कपाशीवर आलं, नुकसानभरपाई मिळावी. आबा म्हणजे बापूंचे सख्खे चुलतभाऊ. एक बांध, एक विहीर, खळंसुद्धा सामाईक. बापू म्हणाले की आठ दिवसांपासून दोन्ही घरांत बोलणं बंद आहे, आणि घरातल्या बायांनाही एकमेकींकडे जाऊ नका असं बजावलंय. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"अर्ज आज देऊ नका," मी म्हटलं. "आधी शेत बघू."

शेत तापीच्या बाजूला, काळ्या भारी जमिनीचं. आबांचा मका बापूंच्या कपाशीच्या पूर्वेला होता, आणि पावसाळ्यात खानदेशात वारा येतो तो पश्चिमेकडून. म्हणजे कपाशीवरून मक्याकडे. एवढ्यावरून कुणाला निर्दोष म्हणता येत नाही, वारा एखाद्या दुपारी फिरतोही. पण औषध हवेने वाहून आलं असेल तर त्याची खूण शेतात दिसतेच: बांधाजवळ सगळ्यात जास्त नुकसान, आणि आत जावं तसं कमी कमी. इथे बांधालगतच्या ओळी सुरेख होत्या. मी वाकून एकेक शेंडा बघत गेले. कुठेच काही नाही.

बिघाड सुरू होत होता विहिरीच्या कोपऱ्यातून. तिथली झाडं सगळ्यात वाईट. पुढे पट्टाच पट्टा तसाच, मग एका ठिकाणी जरा सौम्य, आणखी पुढे आणखी सौम्य, शेवटी फक्त एखाद्या पानाची टोकं लांबलेली. आणि हे बदल हळूहळू झालेले नव्हते. एका ओळीत सरळ रेष मारल्यासारखे होत होते.

"बापू, तुडतुड्याच्या किडीवरची फवारणी कुठून सुरू केली होती?"

"विहिरीपासून. पाणी तिथूनच घेतो ना."

"आणि पहिला पंप कुठं संपला?"

ते चालत गेले आणि जिथे उभे राहिले, तिथेच पहिली रेष होती. दुसरा पंप संपला तिथे दुसरी. पहिल्या टाकीत काहीतरी उरलेलं होतं. प्रत्येक वेळी नवं पाणी भरलं की ते पातळ होत गेलं. औषध बांधावरून आलं नव्हतं, बापूंच्याच सोळा लिटरच्या बॅटरी पंपातून आलं होतं.

बापू खाली बसले. मग म्हणाले, तसं होणं शक्य नाही. कपाशीच्या आधी पंपाने फक्त रस्त्याकडेचं गाजरगवत मारलं होतं, तेही राउंडअप या तणनाशकाने, आणि पंप तीनदा धुतला होता. राउंडअप असतं तर कपाशी पिवळी-पांढरी पडून वाळली असती, हे त्यांना नीट माहीत होतं. म्हणून त्यांचा पंपावर संशय गेलाच नव्हता. त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. प्रश्न एवढाच होता की ते राउंडअप होतं का.

बाटली मोटारीच्या खोलीत फळीवर होती. पाण्याची प्लास्टिकची बाटली. पावणेदोन बोटं पिवळसर तपकिरी द्रव, नाव नाही, चिठ्ठी नाही, आणि त्याच फळीखाली प्यायच्या पाण्याचा माठ. बापूंचा मुलगा ती आबांच्या घरून घेऊन आला होता. घरात सहा वर्षांची नात आहे, ती या खोलीत खेळायला येते. मी त्या क्षणी कपाशी विसरले आणि जरा मोठ्याने बोलले. विषारी औषध पिण्याच्या बाटलीत ओतून ठेवणं ही खेड्यापाड्यातली सर्रास सवय आहे, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात तिची किंमत एखादं मूल देतं. कपाशी पुन्हा लावता येते.

एवढ्यात आबाच बांधावरून आले. बापूंकडे न बघता मला म्हणाले, "मी काहीच करं नही, ताई." त्यांच्याकडे दोन्ही औषधं होती, राउंडअप आणि टू फोर डी. पोराने कुठल्यातलं ओतून नेलं ते त्यांनाही सांगता येईना.

प्रयोगशाळेत नेऊन तपासता आलंच असतं. पण दोन्ही भाऊ आठ दिवसांनी एकत्र उभे होते, आणि मला जे कळेल ते त्यांनीही स्वतःच्या डोळ्यांनी बघावं असं वाटलं. हातमोजे माझ्या पिशवीत असतातच. आबांकडे तंबाखूसाठी चुन्याची डबी होती. बापूंच्या सुनेला घरून हळद, लिंबू आणि धुण्याचा सोडा आणायला सांगितलं.

आधी चुना. काचेच्या तुकड्यावर त्या द्रवाचे दोन थेंब, वर चुन्याचा ओला गोळा, काडीने कालवलं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला ओली हळद लावून ती पट्टी वर धरली. थोड्या वेळात पट्टीची पिवळी कडा लालसर झाली. मी हाताने वारा घालून लांबूनच वास घेतला, आणि आबांनाही लांबूनच घेऊ दिला.

"हाऊ ते सुकटना वास शे!"

बरोबर ओळखलं त्यांनी. सुकटीचा, शिळ्या मासळीचा वास. तो अमाइनचा वास. अमोनियात नायट्रोजनला तीन हायड्रोजन जोडलेले असतात. त्यातल्या एकाच्या जागी मिथाइलचा गट बसला की मिथाइल अमाइन, दोघांच्या जागी बसला की डायमिथाइल, तिघांच्या जागी बसला की ट्रायमिथाइल अमाइन. मासळीला वास येतो तो मुख्यतः या तिसऱ्याचा. या साऱ्या अमाइनांच्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते, आणि आम्ल भेटलं की तिच्या जोरावर ती त्याचा प्रोटॉन उचलतात. तसं झालं की क्षार तयार होतो. डायमिथाइल अमाइन एकटं असेल तर ७ अंश सेल्सिअसलाच उकळतं, म्हणजे आपल्याकडे ते वायूच. तेच क्षारात अडकलं की उडत नाही, वास देत नाही, पाण्यात मात्र मुबलक विरघळतं. चुन्यासारखा जहाल आम्लारी टाकला की तो प्रोटॉन परत काढून घेतो आणि अमाइन सुटून हवेत येतं. पट्टीची हळद लाल झाली ती त्यामुळेच.

बापूंची सून दारात उभी होती. ती म्हणाली, मासळी केली की त्यावर लिंबू पिळतो, हात लिंबाने धुतो, मग वास जातो. मी म्हटलं, अगदी हेच, फक्त उलट्या बाजूने: लिंबाचं आम्ल अमाइनला क्षारात बांधून टाकतं. कॉलेजात एक पूर्ण तास मी जे ऐकलं होतं, ते तिला रोजच्या हाताने माहीत होतं. वुर्ट्झ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४९ मध्ये मिथाइल आणि इथाइल अमाइन शोधले. अमोनियाशी इतकं साम्य, की घोटाळा व्हावा. फरक असा की हा वायू ज्योत लावली की सहज पेटतो.

पण चुन्याने प्रश्न अर्धाच सुटला होता. कारण टू फोर डीचं जे रूप आबांकडे होतं ते डायमिथाइल अमाइनचा क्षार, आणि राउंडअप, म्हणजे बाजारातलं नेहमीचं ४१ टक्के ग्लायफोसेट, हा आयसोप्रोपाइल अमाइनचा क्षार. चुना घातला की दोघांतूनही अमाइन सुटणार. दोघांचा वास मासळीकडेच झुकणारा. म्हणून लिंबू.

लिंबाचा रस एका काचेच्या ग्लासात गाळून घेतला आणि त्यात बाटलीतले काही थेंब सोडले. थेंब जिथे पडले तिथेच रस दुधाळ झाला, आणि बघता बघता तळाशी पांढरा साका बसायला लागला. दोघं भाऊ ग्लासावर वाकले. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांची डोकी इतकी जवळ आली असतील.

टू फोर डी हे मुळात आम्ल. एकटं असताना ते लिटरभर पाण्यात एक ग्रॅमही धड विरघळत नाही. अमाइनशी क्षार केला की तेच शेकडो ग्रॅम विरघळतं, आणि म्हणून ते द्रवरूपात विकता येतं. लिंबाने अमाइन आपल्याकडे ओढून घेतलं, टू फोर डी पुन्हा आम्लरूपात आलं आणि पाण्याबाहेर पडलं. ग्लायफोसेट लिंबाच्या रसात असं बसत नाही, त्याचा स्वभाव पाण्याला जवळचा. मग मी त्या ग्लासात धुण्याच्या सोड्याचं पाणी फेस बसेपर्यंत थोडं थोडं ओतलं. साका विरघळून गेला, पाणी पुन्हा निवळलं. बाटलीत टू फोर डी होतं, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

(हे वाचून कुणी घरी करायला जाऊ नये. माझ्याकडे हातमोजे होते, काच आणि ग्लास नंतर मी घेऊन गेले, आणि काय सुटणार आहे ते मला आधीच ठाऊक होतं.)

आबांनी मग घरून मूळ डबा आणवला. त्यावर छापलेलं होतं: २,४-डी डायमिथाइल अमाइन सॉल्ट, ५८ टक्के एसएल (म्हणजे पाण्यात विरघळणारं द्रवरूप). मला त्या ओळीचा मागचा अर्धा भाग दाखवायचा होता. दुकानात सगळे "टू फोर डी द्या" म्हणतात आणि घेऊन येतात. पण तेच टू फोर डी इथाइल ईस्टर ३८ टक्के म्हणूनही मिळतं आणि सोडियम क्षाराच्या ८० टक्के पावडरीतही मिळतं. तण मारणारा रेणू एकच, वागणूक वेगळी. ईस्टर उन्हात वाफ होऊन उडतं, फवारणी संपल्यावरही पानांवरून उठून शेजारच्या शेतात जाऊ शकतं. आबांनी ते आणलं असतं, तर वारा कुठून होता यावर मी एवढा भरवसा ठेवला नसता. अमाइनचा क्षार तितका उडत नाही. जोराच्या वाऱ्यात थेंब वाहतातच, तिथे कुठलाच क्षार कामाला येत नाही, पण थेंब बसल्यावर तो बहुतांशी बसलेला राहतो. कपाशीच्या टापूत मक्यावर टू फोर डी मारायचंच असेल तर ईस्टर कुणी आणू नये, आणि दुकानदाराने विकूही नये, असं माझं ठाम मत आहे.

आबांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. "मग यावर पण हायड्रोक्लोराइड लिहेल शे, ते काय?" साखरेच्या आजाराची गोळी, मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड. मला इतका आनंद झाला त्या प्रश्नाचा! मेटफॉर्मिनसुद्धा क्षाररूपातच देतात, पाण्यात नीट विरघळावं म्हणून. आणि ते तयार करताना कच्चा माल म्हणून डायमिथाइल अमाइनचाच हायड्रोक्लोराइड क्षार वापरतात. काही जणांना त्या गोळ्यांना मासळीचा वास येतो, तो उगीच नाही. आबा म्हणाले की त्यांना पहिल्यापासून येतो, आणि गोळी खराब आहे असं वाटून त्यांनी एकदा दुकान बदललं होतं. त्यांना सांगितलं, गोळी बंद करू नका, वाटलं तर डॉक्टरांना विचारा. आणि हेही सांगितलं की अमाइन एक असलं म्हणून औषध आणि तणनाशक एक होत नाही. जोडीला काय आहे त्यावर सगळं ठरतं.

मग पंप उघडला. तीनदा धुतलेला पंप. गाळणीच्या जाळीवर आणि तळाच्या कोपऱ्यात पांढरट खरखरीत थर होता. बापूंच्या विहिरीचं पाणी मी तपासलेलं, भरपूर जड. त्यातल्या कॅल्शियमशी टू फोर डी जुळलं की पाण्यात कमी विरघळणारा क्षार होतो आणि तो जाळीत, नळीत, नोझलमध्ये बसून राहतो. त्याच जड पाण्याने पंप खळखळून धुतला, तर धुणं आणि थर बसवणं एकाच वेळी चालतं. शिवाय रबरी नळी असलं औषध थोडं पिऊन ठेवते, ते वेगळंच. पुढच्या फवारणीत कीटकनाशकाबरोबर चिकटद्रव्य आलं, त्याने तो थर सोडवला आणि कपाशीवर नेऊन टाकला.

खात्री म्हणून पंपात थोडं पावसाचं पाणी घालून हलवलं आणि ते धुवण बाटलीत, नाव लिहून, प्रयोगशाळेत आणलं. टोमॅटोच्या दोन रोपांवर ते शिंपडलं, दोन रोपांवर साधं पाणी. टोमॅटोही या औषधाला कपाशीसारखाच हळवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दोन रोपांचे देठ खाली वळून पिळले होते, बाकीची दोन ताठ होती. मी फोटो काढून दोघांनाही पाठवला, एकाच वेळी.

पंपासाठी उपाय सांगितला तो असा: आधी पावसाच्या किंवा हलक्या पाण्याने धुवा, मग शंभराला एक या प्रमाणात अमोनियाचं द्रावण भरून नळी-नोझलमधून थोडं सोडा आणि बाकीचं रात्रभर आत ठेवा, सकाळी पुन्हा दोनदा धुवा. आम्लरूपात चिकटलेलं टू फोर डी अमोनियाशी क्षार करून विरघळतं. अमोनिया नसेल तर धुण्याचा सोडा. अमोनियाबरोबर ब्लीचिंग कधीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो. धुवण विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, पडीक जागेत. जाळी आणि नळी नवीन घ्या. खरं तर तणनाशकाचा पंपच वेगळा हवा, आणि कपाशीवाल्याने तर तो वेगळा ठेवलाच पाहिजे. अशा एका फवारणीचं नुकसान वेगळ्या पंपाच्या किमतीहून जास्तच होतं.

"आते काय करानं?" बापूंनी कपाशीकडे हात करून विचारलं. पहिल्या दोन पट्ट्यांतले शेंडे खुडायला सांगितले, पाळी घालून पाणी द्यायला आणि हलक्या युरियाची फवारणी करायला, अर्थात नव्या पंपाने. कपाशी चिवट असते, शेंडा गेला तर बगलेतून फुटते. पण पाते गळाले ते गळाले, त्यांचं काही करता येत नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

अर्ज बापूंनी फाडला. आबा मात्र म्हणाले, बाटली माझ्या घरून गेली, मीही बघायला हवं होतं, आणि खुडणीसाठी स्वतःचा सालदार दोन दिवस पाठवला. उरलेलं औषध मूळ डब्यात गेलं, डबा कुलपात गेला, आणि ती पाण्याची बाटली मी भोकं पाडून सोबत आणली.

तीन आठवड्यांनी बापूंनी नवीन फुटव्यांचे फोटो पाठवले. बगलेतून आलेली पानं रुंद होती, चांगली कपाशीची. विहिरीजवळच्या पट्ट्यात पहिली वेचणी जवळजवळ नव्हतीच, दुसरी बरी झाली. दसऱ्याच्या आसपास दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर आले, हरभऱ्याच्या आधी माती तपासून घ्यायला. दोन पिशव्या होत्या, दोन्हींवर बॉलपेनने गट क्रमांक लिहिलेला, आणि आबांनी बोअरच्या पाण्याची बाटलीही आणली होती. त्यांना आपलं पाणी किती जड आहे ते जाणून घ्यायचं होतं.